केपाच्या बंदुकीचं लॉक दस्त्यात पुन्हा बसवलं, त्याचं पूर्ण प्रकरण

पार्श्वभूमी

मुरबाड तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाकडे पिढीजात ठासणीची बंदूक आहे, एकनळी, केपाची, म्हणजे चकमकीची नाही. नळीच्या मागच्या टोकाशी निपल, म्हणजे बारीक पोकळ बोंडी असते, तिच्यावर तांब्याची केप, म्हणजे छोटी स्फोटक टोपी बसवायची आणि घोडा केपेवर आपटला की आतली दारू पेटते. घोडा, कमान (म्हणजे स्प्रिंग), खटका हे सगळं ज्या लोखंडी पट्टीवर बसतं त्याला आम्ही लॉकच म्हणतो. या बंदुकीचं लॉक एनफिल्ड पद्धतीचं आहे, ब्रिटिशांची १८५३ ची जी .५७७ ची रायफल होती तिच्या धर्तीवर इथल्याच कुणा कारागिराने बनवलेलं, पण घडण चांगली आहे. दस्ता, म्हणजे बंदुकीचा लाकडी भाग, अक्रोडाचा. मनगटाजवळ, म्हणजे हात धरतो त्या बारीक भागावर, पितळेची बारीक नक्षी बसवलेली आहे आणि घरच्यांचा सगळा जीव त्या नक्षीत.

बंदूक रीतसर परवान्यावर आहे, वारसाने नावावर आलेली. मुरबाड ग्रामीण भागात येतं म्हणून परवाना जिल्हाधिकाऱ्यांकडचा, ठाणे शहरात असते तर पोलीस आयुक्तांकडचा असता. वापर म्हणाल तर खंडेनवमीला पूजा, बाकी वर्षभर कुलपात. मालकांना इथे काका म्हणतो, आणि ठाण्यात ज्यांच्याकडे दुरुस्तीचा परवाना आहे त्यांना मिस्त्री. माझं वागळे इस्टेटला लाकूडकामाचं छोटं वर्कशॉप आहे, मिस्त्रींकडे दस्त्याचं नाजूक काम आलं की ते मला बोलावतात.

सुरुवातीलाच एक ठरलं होतं, की सगळं काम मिस्त्रींच्या दुकानातच होणार. शस्त्र कायदा १९५९ मध्ये शस्त्राच्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागसुद्धा येतात आणि दुरुस्तीला वेगळा परवाना लागतो, त्यामुळे नुसता दस्ता आहे, लाकूडच तर आहे, असं म्हणून मी तो वर्कशॉपला नेणं योग्य नव्हतं. मी माझ्या पटाश्या घेऊन तिकडे जायचो. नोंदवहीत बंदूक आल्याची नोंद, नळीवरचा नंबर परवान्याशी ताडून बघणं, हे मिस्त्रींनी काकांच्या समोर केलं.

आणि त्याच्याही आधी बंदूक रिकामी आहे का ते बघितलं. ठासणीच्या बंदुकीत हे डोळ्यांनी कळत नाही, जुन्या बंदुका भरलेल्या अवस्थेत भिंतीवर वर्षानुवर्षं टांगलेल्या सापडतात. गज, म्हणजे दारू ठासायची सळई, नळीत शेवटपर्यंत सोडायचा, तोंडाशी खूण करायची, मग तोच गज बाहेरून नळीला लावून टोक निपलपर्यंत पोचतं का ते बघायचं. गज अलीकडेच थांबला तर आत काहीतरी आहे, मग पुढचं कुठलंच काम करायचं नाही. इथे टोक बरोबर पोचलं, नळी रिकामी होती.

अडचण

काकांची तक्रार साधी होती. मुलगा पूजेच्या वेळी घोडा अर्धा चढवून ठेवतो आणि कधीकधी तो आपोआप पडतो. घोड्याला दोन खटके असतात, पहिला अर्ध्यावर, सुरक्षित ठेवायचा, दुसरा पूर्ण, उडवायचा. पहिला खटका सुटत असेल तर ती बंदूक कुणाच्याच हातात देण्यासारखी नाही, पूजेपुरती असली तरी. मिस्त्री पहिल्याच दिवशी काकांना म्हणाले, "हे ठीक झाल्याशिवाय मी बंदूक परत देणार नाही, दसरा असो नाहीतर दिवाळी."

पहिला अंदाज सगळ्यांचा एकच, की आतल्या टंबलरची, म्हणजे घोड्याबरोबर फिरणाऱ्या तुकड्याची, खाच झिजली असणार. काका आधी एका ठिकाणी गेले होते तिथेही त्यांना हेच सांगितलं होतं, टंबलर नवीन करावा लागेल म्हणून. मिस्त्रींनी लॉक बाहेर काढलं, वाईसमध्ये हलकं धरलं आणि घोडा अंगठ्याने चढवला. टक्, पहिला खटका. टक्, दुसरा. दोन्ही आवाज एकदम स्वच्छ. भिंग लावून सीअरचं, म्हणजे त्या खाचेत अडकणाऱ्या तुकड्याचं, टोक बघितलं, धार शाबूत, टंबलरची खाचही खोल आणि चौकोनी. म्हणजे लोखंड ठणठणीत होतं.

तेच लॉक परत दस्त्यात ठेवून डावीकडचे दोन्ही आडवे स्क्रू हळूहळू आवळले. स्क्रू ढिले असेपर्यंत टक् ऐकू येत होतं, पूर्ण आवळल्यावर पहिल्या खटक्याचा आवाज मेला, नुसतं घासल्यासारखं झालं. लॉक बाहेर चालतं आणि आत बसवलं की चालत नाही, तर दोष लाकडात असतो. हे तपासायला दहा मिनिटं लागतात आणि ती दहा मिनिटं कुणी दिली नाहीत म्हणून चांगले टंबलर भंगारात जातात, याचं मला खरंच वाईट वाटतं.

कारण असं की सीअर हा एक छोटा तरफेसारखा खटका आहे, त्याचं पुढचं टोक टंबलरच्या खाचेत जातं आणि मागचा दांडा आडवा लाकडात शिरतो, चापाचं पातं खालून त्या दांड्याला वर ढकलतं तेव्हा टोक खाचेतून सुटतं. म्हणजे टोक खाचेत पूर्ण बसायचं असेल तर दांड्याला खाली यायला मोकळी जागा पाहिजे. इथे दांड्याच्या भोकात खाली एपॉक्सी पुट्टी साठून कडक झाली होती. दांडा पूर्ण खाली येतच नव्हता, टोक खाचेच्या काठावर जेमतेम टेकून राहायचं.

दुसरी गोष्ट, घोडा निपलच्या मध्यावर न पडता बाहेरच्या कडेवर पडत होता. लॉकची पट्टी नळीच्या उजव्या सपाट बाजूला आतून चिकटून बसायला हवी, इथे मधे पुट्टीचा थर होता म्हणून पट्टी बाहेर राहिली होती आणि मागून स्क्रूने जास्त ओढली गेल्यामुळे तिरकी झाली होती. पुट्टी खरवडल्यावर तिसरी गोष्ट कळली. आधीच्या दुरुस्तीत मोठ्या कमानीची जागा खोदताना पटाशी खाली गजाच्या भोकात, म्हणजे दस्त्यात गज ठेवायची जागा असते तिच्यात, आरपार गेली होती आणि ते लपवायलाच एवढी पुट्टी भरली होती.

पर्याय

चार गोष्टी करता आल्या असत्या.

सगळ्यात सोपं म्हणजे दांड्याच्या भोकातली पुट्टी काढायची आणि बाकी तसंच ठेवायचं. खटका लागला असता, पण पट्टी तिरकीच राहिली असती, घोडा निपलच्या कडेवर आपटत राहिला असता आणि पुन्हा कुणी स्क्रू जोरात आवळला की दांडा परत लाकडाला लागला असता. मिस्त्रींनी हे लगेच बाद केलं.

दुसरं, पट्टीला मेण लावून ताज्या एपॉक्सीत दाबायची आणि साचा घ्यायचा. हल्ली बरेच जण असं करतात आणि नीट केलं तर वाईट नाही. पण इथलं लाकूड तेलाने काळं झालेलं होतं, तेलकट लाकडावर एपॉक्सी धरत नाही, आणि गजाच्या भोकाची भिंतच गेलेली असताना नुसत्या चिकटवण्यावर भरवसा कसा ठेवणार.

तिसरं, नवीन दस्ता. मिस्त्रींचं मत याच बाजूने होतं. नवीन अक्रोडाचा ठोकळा, रेषा मनगटातून सरळ मागे जातील असा निवडलेला, नळी आधी बसवायची, मग लॉक, सगळं पहिल्यापासून. कामाच्या दृष्टीने हा सगळ्यात स्वच्छ मार्ग होता. पण काकांना पितळेची नक्षी त्याच लाकडात हवी होती. ती उपटून नव्या लाकडात बसवता आली असती हे खरं, पण ते म्हणाले, "आजोबांचा हात ज्या लाकडाला लागलाय तेच राहू दे रे, बाकी तुम्ही काय ते करा." मला त्यांचं पटलं. पूजेतली वस्तू आहे, तिच्यातलं मूळ जितकं राहील तितकं राहावं.

चौथं, लॉकच्या जागेपुरतं खराब लाकूड कापून काढायचं, तिथे जुन्या अक्रोडाचं ठिगळ बसवायचं आणि त्या ठिगळात लॉकची खोबण हाताने नव्याने खोदायची. वेळ जास्त, जोखीमही जास्त, कारण ठिगळाच्या जोडाजवळूनच पुढचा स्क्रू जातो. पण बाकी दस्ता हलत नाही. आम्ही हे निवडलं. मिस्त्रींनी एकच अट घातली, ठिगळ फुटलं किंवा हललं तर मग नवीन दस्ता, त्यावर पुन्हा चर्चा नाही, आणि काका त्याला हो म्हणाले.

लाकूड कुठलं हाही प्रश्न होताच. साग हाताशी भरपूर असतो पण सागात सिलिका असते, पटाशीची धार बघता बघता जाते, आणि उभा चिरतोही लवकर. शिसव मजबूत, पण जड आणि अक्रोडाशेजारी वेगळं दिसतं. शेवटी मिस्त्रींकडे एका मोडलेल्या जुन्या दस्त्याचा मागचा तुकडा पडून होता, अक्रोडच, कित्येक वर्षं सुकलेला, तोच घेतला.

काम

बंदूक आली ती आषाढात. ठाण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं, तेव्हा घट्ट बसवलेली पट्टी उन्हाळ्यात सैल होते. काकांना घाई होती, दर आठवड्याला फोन. आम्ही मधला मार्ग काढला, ठिगळ बसवण्यापर्यंतचं काम पावसात करायचं आणि खोबण खोदायचं काम गणपती झाल्यावर, पाऊस ओसरला की. तोपर्यंत दस्ता आणि ठिगळाचा तुकडा दुकानात एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवले, म्हणजे दोघांना हवा एकच लागेल.

जुन्या लाकडातलं तेल काढायला अॅसिटोन आणि खडूची पूड कालवून लेप लावला, सुकला की झटकायचा, पुन्हा लावायचा, पूड पिवळी यायची थांबेपर्यंत. हे कंटाळवाणं आहे पण हे सोडलं तर पुढचं सगळं वाया. ठिगळाची दोन्ही टोकं तिरकी कापली, उभ्या रेषा दस्त्याच्या रेषांना समांतर. चिकटवायला काय वापरायचं यावर माझं आणि मिस्त्रींचं जमेना. मला सरस हवा होता, कारण सरस पुढे कधी गरम पाण्याने सोडवता येतो आणि पुढच्या कारागिराला वाट मोकळी राहते. ते म्हणाले इथल्या दमट हवेत सरस ढिला पडतो आणि घोड्याचा दणका रोज नसला तरी बसणारच. शेवटी सावकाश धरणारं एपॉक्सी वापरलं. गजाच्या भोकाची गेलेली भिंत या ठिगळानेच परत तयार करायची होती, म्हणून ठिगळाची खालची बाजू आधी गोल खोदून घेतली आणि चिकटवताना गजाच्या जाडीचा लाकडी दांडा मेणबत्तीचं मेण चोळून भोकात घातला. एपॉक्सी आत घुसलं तरी दांडा चिकटणार नाही आणि भोक गोल राहील. दुसऱ्या दिवशी दांडा हलक्या ठोक्याने निघाला, आणि तेव्हा आम्ही दोघांनी सुटकेचा श्वास टाकला.

आता खोबण. इथे क्रम फार महत्त्वाचा आहे. नळी आधी जागेवर पक्की बसवलेली पाहिजे, कारण लॉकची जागा ठरवते ती नळी. बाहेरून लाकडावर काय आखलंय ते नंतर. निपल कुठे आहे, घोडा कुठे पडणार, पट्टीची आतली बाजू नळीच्या सपाट बाजूला कुठे टेकणार, हे बघून पट्टीची जागा पक्की केली. लॉक पूर्ण सोडवलं, घोडा, टंबलर, सीअर, दोन्ही कमानी सगळं बाजूला, नुसती नागडी पट्टी हातात. मिस्त्रींनी पट्टीच्या कडांना कानशीने अगदी किंचित उतार दिला, आतली बाजू बाहेरच्यापेक्षा केसभर लहान, म्हणजे पट्टी आत जाईल तशी घट्ट होत जाते आणि काढताना लाकडाची कड उचकटत नाही.

कड पेन्सिलने आखायची नाही, पेन्सिलची रेघ जाड असते. धारदार सुरीने पट्टीभोवती चीर मारली आणि चिरेच्या आतूनच पटाशी चालवली. मधलं लाकूड गिरमिटाने खोलीची खूण करून हलकं केलं, कडेचं सगळं हाताने. मग पट्टीला काजळी. देवापुढच्या निरांजनावर ताटली धरून काजळी घेतली, तिच्यात थेंबभर तेल, आणि बोटाने पट्टीच्या मागच्या बाजूला आणि कडांना पातळ हात. पट्टी जागेवर ठेवायची, लाकडी हातोडीने एक हलका ठोका, बाहेर काढायची. जिथे लाकूड लागतंय तिथे काळा चकाकता डाग उमटतो. तेवढाच डाग खरवडायचा, शेजारचं लाकूड नाही. पुन्हा पट्टी, पुन्हा ठोका, पुन्हा डाग. सुरुवातीला एक-दोनच डाग दिसतात, मग ते वाढत जातात, आणि सगळीकडे बारीक बारीक ठिपके यायला लागले की पट्टी सपाट बसली समजायचं. काजळीचा हात जाड झाला तर डाग खोटे उमटतात, नसलेल्या जागी लाकूड जातं, म्हणून दर वेळी पुसून पातळच लावायची.

पट्टी बाहेर काढताना स्क्रूड्रायव्हरने उचकटायची नाही, तिथेच कड मोडते. डावीकडचे आडवे स्क्रू दोन फेरे ढिले करून त्यांच्या डोक्यावर आळीपाळीने हलके ठोके, पट्टी सरळ बाहेर येते.

पट्टी नळीला टेकली की थांबायचं. इथे एक निर्णय घ्यावा लागला. पट्टी नळीला टेकली तेव्हा ती बाहेरच्या लाकडापेक्षा थोडी आत गेली होती, पाऊण मिलिमीटर असेल. मी म्हटलं ठिगळ रंध्याने खाली घेऊ. पण ठिगळ खाली घेतलं की शेजारचं जुनं लाकूडही घ्यावं लागणार आणि ते घेत गेलो तर मनगटाकडे नक्षीपर्यंत जाणार. पट्टीखाली काही घालून तिला बाहेर आणणं म्हणजे पहिला दोष परत. मग लॉकभोवतीची सपाट जागा तेवढी बारीक उताराने उतरवली आणि नक्षीच्या बोटभर अलीकडे थांबलो. नीट बघितलं तर तिथे लाकूड किंचित दबलेलं दिसतं, ते तसंच राहू दिलं.

मग एकेक भाग चढवत गेलो. आधी टंबलर आणि त्याला आतून धरून ठेवणारी छोटी पट्टी, काजळी, खरवड. मग सीअर. दांड्याचं भोक मुद्दाम खाली आणि शेवटाला मोकळं ठेवलं, दांडा लाकडाला कुठेच लागता कामा नये. सगळ्यात शेवटी मोठी कमान. कमान नुसती बसते तेवढी जागा पुरत नाही, घोडा पूर्ण चढवला की तिचा हलणारा पाय सरकतो, म्हणून पूर्ण चढवलेल्या अवस्थेत काजळी लावून बघावं लागतं. तिथे साधारण एक मिलिमीटर मोकळीक ठेवली, जास्त नाही, कारण खाली लगेच गजाची भिंत, आणि हीच भिंत आधी फुटली होती. शेवटी चापाचं पातं तपासलं. घोडा खाली असताना, अर्धा असताना आणि पूर्ण असताना, तिन्ही वेळा चाप किंचित ढिला हलला पाहिजे. अर्ध्यावर ढिला नव्हता. पात्याचं टोक मिस्त्रींनी कानशीने थोडं कमी केलं, मग आला.

निकाल

दोन्ही स्क्रू पूर्ण आवळून पहिला खटका तोच स्वच्छ टक् देतो, जो वाईसमध्ये देत होता. अर्ध्यावर घोडा ठेवून मिस्त्रींनी चाप ओढून, दस्ता रबरी चटईवर आपटून बघितला, नळी रिकामी आणि निपलवर चामड्याचा तुकडा ठेवून, सुटला नाही. घोडा निपलच्या मध्यावर पडतो. ठिगळाचा जोड प्रकाशात तिरकं धरलं तर दिसतो. जवसाच्या तेलाचे हात देऊन रंग बराच मिळवला, पण ठिगळ लपवायचा अट्टहास केला नाही.

बंदूक खंडेनवमीच्या आधी घरी गेली. फेब्रुवारीत काका दाखवायला घेऊन आले, पट्टीच्या मागच्या टोकाशी कागद जेमतेम जाईल एवढी फट दिसली, पण खटक्यावर काही परिणाम नाही. गजाच्या भोकाची भिंत शाबूत.

वेगळं काय करता आलं असतं

मिस्त्री अजूनही म्हणतात नवीन दस्ता करायला हवा होता आणि जुना दस्ता नक्षीसकट देवघरात ठेवता आला असता. बंदूक उडवायची असती तर मीही हेच म्हटलं असतं, ठिगळ आणि पुढचा स्क्रू एवढे जवळ असताना दारूचा धक्का रोज झेलायला लावणं बरोबर नाही. काकांना तसं लिहून दिलंय, ही बंदूक पूजेपुरती, उडवायची नाही.

सरसाबद्दल माझं मन अजून पूर्ण मानत नाही. एपॉक्सी टिकेल, पण पन्नास वर्षांनी कुणाला हे ठिगळ काढायचं झालं तर त्याला ते कापूनच काढावं लागेल. तेल काढल्यावर आधी सरसाचा एक नमुना जोड करून पावसाळाभर दुकानात ठेवला असता तर मिस्त्रींचं म्हणणं खरं की माझं ते तरी कळलं असतं, तेवढा वेळ हातात होता.

आणि घाई. मार्चमध्ये बंदूक आली असती तर सगळं काम कोरड्या दिवसांत झालं असतं आणि ती कागदाएवढी फटही आली नसती बहुतेक. काकांना आता सांगून ठेवलंय की दर वर्षी होळीच्या सुमाराला एकदा आणून दाखवा, स्क्रू स्वतः आवळू नका, आणि घरी पहिला खटका ऐकत जा. टक् आला नाही तर घोडा खाली ठेवून तसेच आमच्याकडे या.